एचआयव्ही संसर्ग आणि लसीकार्बुद : रोगप्रतिकारक पेशींवरील ओळखचिन्हांचा अर्थ

बीजसंज्ञा : एचआयव्ही, सीडी-४ गणना, ओळखचिन्ह, टी-पेशी, बी-पेशी, लसीकार्बुद, फ्लो सायटोमेट्री

१. प्रस्तावना

दि. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक वृत्तपत्रिकेत लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या आजाराचा एक छोटा वृत्तांत प्रसिद्ध झाला. या पाचही जणांना न्यूमोसिस्टिस नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होणारा न्यूमोनिया झाला होता. धडधाकट माणसास सहसा न होणारा हा आजार पूर्वी निरोगी असलेल्या तरुणांना का व्हावा, हा प्रश्न डॉ. मायकेल गॉटलिब व त्यांच्या सहकाऱ्यांना पडला. त्यांनी रुग्णांच्या रक्तातील लसीका पेशींची तपासणी केली. त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सविस्तर लेखात एक विलक्षण निरीक्षण नोंदविलेले आहे : रुग्णांच्या रक्तातील 'साहाय्यक' टी-पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. रोगास कारणीभूत असलेला विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३ मध्ये सापडला. परंतु त्याने शरीरात काय नष्ट केले, हे त्यापूर्वी दोन वर्षे कळलेले होते. हे कळू शकले ते पेशींच्या पृष्ठभागावरील ओळखचिन्हांमुळे.

आज 'सीडी-४' हा शब्द एचआयव्हीबाधित व्यक्तींच्या कुटुंबांतही सर्रास वापरला जातो. तथापि ही संख्या नेमके काय सांगते, काय सांगत नाही आणि एचआयव्हीशी संबंधित लसीकार्बुदाच्या, म्हणजेच लिम्फोमाच्या, निदानात व उपचारात अशीच अन्य चिन्हे कोणती भूमिका बजावतात, याविषयी विज्ञानशाखेबाहेरच्याच नव्हे तर विज्ञानाच्या अध्यापकांमध्येही पुरेशी स्पष्टता आढळत नाही. प्रस्तुत लेखात या चिन्हांचा अर्थ, त्यांची उपयुक्तता आणि मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

२. ओळखचिन्ह म्हणजे काय?

सूक्ष्मदर्शकाखाली सर्व लसीका पेशी जवळपास सारख्याच दिसतात : गोल, मोठे केंद्रक आणि भोवती पेशीद्रव्याची पातळ कड. त्यांतील कोणती पेशी प्रतिपिंडे बनविणाऱ्या बी-पेशींच्या कुळातील, कोणती साहाय्यक टी-पेशी आणि कोणती विषाणुबाधित पेशींना ठार करणारी टी-पेशी, हे केवळ रूपावरून ठरविता येत नाही. मात्र प्रत्येक प्रकारच्या पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात. ही प्रथिने पेशीची नित्याची कामे करण्यासाठी असतात. ओळख पटविणे हा त्यांचा मूळ हेतू नव्हे. संशोधकाला ती ओळखीसाठी उपयोगी पडतात, एवढेच.

या प्रथिनांना नेमकेपणाने हेरण्याचे साधन १९७५ मध्ये उपलब्ध झाले. जॉर्जेस कोहलर व सेझर मिलस्टाइन यांनी प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशीचा कर्करोगपेशीशी संयोग घडवून आणला आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंडपणे निर्माण करणारी संकरित पेशी तयार केली. अशा मोनोक्लोनल प्रतिपिंडाच्या शोधासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक नील्स येर्न यांच्यासमवेत विभागून मिळाले. या तंत्रामुळे पेशींवरील प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांची प्रयोगशाळा-प्रयोगशाळांत रीघ लागली व त्यातून नामकरणाचा गोंधळ उद्भवला. एकच प्रथिन एका ठिकाणी 'ओकेटी-४' तर दुसऱ्या ठिकाणी 'ल्यू-३' म्हणून ओळखले जाऊ लागले. १९८२ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत यावर तोडगा निघाला. एकाच प्रथिनास चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा एक समूह मानून त्या समूहास 'सीडी' ही आद्याक्षरे व एक क्रमांक द्यावा, असे ठरले. त्यानुसार उपरोक्त प्रथिन 'सीडी-४' झाले. आजवर असे ३७० हून अधिक क्रमांक दिले गेले आहेत. क्रमांकाचा मोठेपणा वा लहानपणा महत्त्वाचा दर्जा दर्शवीत नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवे.

चिन्हांची मोजणी मुख्यत्वे फ्लो सायटोमेट्री या तंत्राने केली जाते. रक्ताच्या नमुन्यात चमकणाऱ्या रंगद्रव्यांशी जोडलेली प्रतिपिंडे मिसळतात. नंतर पेशी एकामागून एक अशा एका अरुंद प्रवाहातून लेसर किरणासमोरून नेल्या जातात. प्रत्येक पेशीने विखुरलेला प्रकाश तिचा आकार व अंतर्गत रचना सांगतो आणि तिच्यावर चमकलेला रंग तिच्यावरील चिन्ह सांगतो. येथे एक बारकावा लक्षात घेणे अगत्याचे आहे. सीडी-४ हे प्रथिन टी-पेशींप्रमाणेच मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरही अल्प प्रमाणात असते. म्हणून केवळ सीडी-४ मोजून भागत नाही. सर्व टी-पेशींवर असणारे सीडी-३ आणि सीडी-४ ही दोन्ही चिन्हे एकत्र असलेल्या पेशीच साहाय्यक टी-पेशी म्हणून मोजल्या जातात. एकटे चिन्ह क्वचितच निर्णायक असते. चिन्हांचा संच आणि त्याचा संदर्भ यांवरून पेशीची ओळख ठरते. हे तत्त्व लसीकार्बुदाच्या निदानातही पुढे पुन्हा आढळेल.

३. सीडी-४ : चिन्ह आणि प्रवेशद्वार

१९८४ मध्ये इंग्लंड व फ्रान्स येथील दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, एचआयव्ही ज्या प्रथिनास चिकटून पेशीत शिरतो ते प्रथिन म्हणजेच सीडी-४ होय. मोजणीसाठी वापरले जाणारे चिन्हच विषाणूचे प्रवेशद्वार निघाले. विषाणूच्या आवरणावरील जीपी-१२० हे प्रथिन सीडी-४ ला जोडले जाते. परंतु एवढ्याने प्रवेश पूर्ण होत नाही. मानवी सीडी-४ प्रथिन उंदराच्या पेशीवर बसविले तरी विषाणू तिच्यात शिरू शकत नाही, या निरीक्षणावरून दुसऱ्या एखाद्या घटकाची आवश्यकता असावी असा तर्क होता. १९९६ मध्ये सीएक्ससीआर-४ व सीसीआर-५ हे दोन सहग्राही सापडले आणि हा तर्क खरा ठरला. सीडी नामकरणात त्यांचे क्रमांक अनुक्रमे १८४ व १९५ असे आहेत.

याच सुमारास असेही आढळले की, काही व्यक्तींमध्ये सीसीआर-५ च्या जनुकातील ३२ घटकांचा तुकडा गळालेला असतो. आई व वडील या दोघांकडूनही असे जनुक मिळालेल्या व्यक्तीच्या पेशींवर सीसीआर-५ नसते व तिला सामान्यतः एचआयव्हीचा संसर्ग होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत अशा व्यक्ती सुमारे एक टक्का आहेत; भारतीय लोकसंख्येत हा जनुकबदल अतिशय विरळा आहे. सीसीआर-५ ला अडविणारे मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये, तर सीडी-४ ला चिकटून विषाणूचा प्रवेश रोखणारे इबालिझुमॅब हे प्रतिपिंड २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले.

४. सीडी-४ गणना : अर्थ आणि मर्यादा

निरोगी प्रौढाच्या रक्तात प्रति मायक्रोलिटर साधारणतः ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. उपचार न घेतल्यास एचआयव्हीबाधित व्यक्तीत ही संख्या दरवर्षी सरासरी ५० ते १०० ने घटते. संख्या २०० च्या खाली गेल्यावर न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाची, १०० च्या खाली टॉक्सोप्लाझ्माजन्य मेंदूविकाराची आणि ५० च्या खाली सायटोमेगॅलो विषाणूमुळे होणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकाराची शक्यता वाढते. क्षयरोग मात्र कोणत्याही पातळीवर होऊ शकतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने २०० पेक्षा कमी सीडी-४ गणना हा एड्सच्या व्याख्येचाच भाग केला.

ही संख्या स्थिर नसते, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. ती सकाळी कमी व सायंकाळी जास्त असते. साधा ताप, स्टेरॉइड औषधे, गर्भावस्था यांमुळेही ती बदलते. याचे कारण मोजणीच्या गणितात आहे. उदाहरणादाखल, एखाद्या व्यक्तीच्या पांढऱ्या पेशी ६००० आहेत, त्यांतील ३० टक्के लसीका पेशी आहेत आणि लसीका पेशींपैकी २० टक्के सीडी-४ पेशी आहेत असे मानू. ६००० च्या ३० टक्के म्हणजे १८००, आणि १८०० च्या २० टक्के म्हणजे ३६०. काही दिवसांनी किरकोळ आजारामुळे पांढऱ्या पेशी ४००० झाल्या व इतर प्रमाणे तीच राहिली, तर गणना २४० येईल. रुग्णाला वाटेल की आपली प्रतिकारशक्ती एक तृतीयांशाने घटली. वस्तुतः सीडी-४ पेशींची टक्केवारी २० च आहे. म्हणूनच एकाच अहवालावरून निष्कर्ष न काढता अनेक अहवालांचा कल पाहावा आणि टक्केवारीचाही विचार करावा, असे सांगितले जाते. पाच वर्षांखालील बालकांत लसीका पेशींची एकूण संख्या मुळातच जास्त व वयानुसार बदलती असल्याने टक्केवारीस विशेष महत्त्व असते.

दुसरी मर्यादा याहून मूलगामी आहे. शरीरातील एकूण लसीका पेशींपैकी केवळ सुमारे दोन टक्के पेशी रक्तात असतात. उर्वरित पेशी लसीका ग्रंथी, प्लीहा, आतड्याचे अस्तर इत्यादी ठिकाणी असतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून स्पष्ट झाले की, संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ पेशींचा मोठा ऱ्हास होतो. त्या वेळी रक्तातील गणना फारशी घटलेली नसते. थोडक्यात, सीडी-४ गणना ही तळ्याच्या काठावरील एका खुणेवरून पाण्याचा अंदाज घेण्यासारखी आहे : उपयुक्त, परंतु तळाचा गाळ न दाखविणारी.

५. सीडी-८ आणि सततची उत्तेजना

एचआयव्ही संसर्गात केवळ पेशी घटतात, ही समजूत अपुरी आहे. सीडी-४ पेशी घटत असताना मारक टी-पेशी, म्हणजे सीडी-८ पेशी, वाढतात. निरोगी व्यक्तीत सीडी-४ व सीडी-८ यांचे गुणोत्तर साधारणतः एकाहून अधिक असते. एचआयव्हीबाधितांत ते उलटते. प्रभावी उपचारांनी सीडी-४ गणना ५०० च्या वर गेली तरी अनेकांत हे गुणोत्तर वर्षानुवर्षे पूर्ववत होत नाही.

लॉस एंजेलिस येथील जॅनिस जॉर्जी यांच्या गटाने दाखविले की, सीडी-८ पेशींवर सीडी-३८ या चिन्हाचे प्रमाण जितके जास्त तितकी रोगाची वाटचाल वेगवान असते. सीडी-३८ आणि एचएलए-डीआर ही चिन्हे पेशी उत्तेजित असल्याची निदर्शक आहेत. रोगप्रतिकारक यंत्रणा दुबळी होते तशीच ती अहोरात्र जागी राहून थकतेही, हा विचार या निरीक्षणांतून पुढे आला. २००६ मध्ये या थकव्याचेही चिन्ह मिळाले. एचआयव्हीविरोधी टी-पेशींवर पीडी-१, म्हणजेच सीडी-२७९, हे प्रथिन मोठ्या प्रमाणात असल्याचे आढळले व त्यास अडविल्यास प्रयोगशाळेत या पेशींची कार्यक्षमता काही अंशी परतली.

ही उत्तेजना विषाणू नियंत्रणात आल्यावरही का टिकते? आतड्याच्या अस्तराची तटबंदी ढासळल्याने जीवाणूंचे घटक रक्तात झिरपतात, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण २००६ मध्ये पुढे आले. मोनोसाइट पेशींवरून सुटून रक्तद्रवात आलेले विद्राव्य सीडी-१४ हे या प्रक्रियेचे चिन्ह मानले जाते. येथे चिन्हाचे स्वरूपच बदलते : ते पेशीवर न राहता रक्तद्रवात मोजले जाते. लसीकार्बुदाच्या पूर्वखुणा शोधताना याच प्रकारच्या चिन्हांचा उपयोग झाला आहे.

६. बी-पेशींचा बिघाड आणि लसीकार्बुदाची वाटचाल

एचआयव्ही बी-पेशींना सामान्यतः बाधित करीत नाही. तरीही एचआयव्हीशी संबंधित बहुतांश लसीकार्बुदे बी-पेशींचीच असतात. ही वरकरणी विसंगती समजून घेतल्यास या रोगाचे मर्म कळते.

१९८३ मध्येच असे दिसून आले होते की, एड्सच्या रुग्णांतील बी-पेशी कोणतेही विशिष्ट कारण नसताना प्रतिपिंडे बनवीत राहतात. सततच्या उत्तेजनेमुळे लसीका ग्रंथींतील बी-पेशींचे विभाजन वाढते. प्रतिपिंडांची धार वाढविण्यासाठी बी-पेशी आपल्याच जनुकांत हेतुपुरस्सर बदल करतात. हे काम एआयडी नावाचे विकर करते. ज्या पेशी वारंवार विभागतात व वारंवार आपली जनुके कापून जोडतात, त्यांच्याकडून चुका होण्याची शक्यता वाढते. आठव्या गुणसूत्रावरील मिक हे वाढीचे जनुक चौदाव्या गुणसूत्रावरील प्रतिपिंड-जनुकाशेजारी जाऊन बसणे, ही अशीच एक चूक आहे. प्रतिपिंड-जनुक बी-पेशीत सदैव कार्यरत असल्याने मिकही अखंड कार्यरत राहते व पेशीचे विभाजन थांबत नाही. बर्किट लसीकार्बुद घडते ते याच मार्गाने.

दुसरा मार्ग एपस्टाइन-बार विषाणूचा आहे. १९६४ मध्ये शोधला गेलेला हा विषाणू जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो. तो बी-पेशीत शिरतो तो सीडी-२१ या चिन्हाच्या द्वारे. निरोगी व्यक्तीत टी-पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. सीडी-४ पेशी घटल्या की सीडी-८ पेशींना मिळणारे पाठबळ संपते, पहारा सैल होतो आणि विषाणुबाधित बी-पेशी अनिर्बंध वाढू लागतात. सारांश, एका मार्गात बी-पेशींची अतिउत्तेजना प्रधान असते, तर दुसऱ्यात टी-पेशींचा अभाव. प्रत्यक्षात अनेक रुग्णांत हे दोन्ही मार्ग एकमेकांत मिसळलेले असतात.

अमेरिकेत १९८४ पासून चालविल्या गेलेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात हजारो पुरुषांचे रक्तद्रव नियमितपणे साठवून ठेवण्यात आले होते. पुढे ज्यांना लसीकार्बुद झाले त्यांच्या जुन्या नमुन्यांची तपासणी केली असता विद्राव्य सीडी-२३, सीडी-२७ व सीडी-३० यांची पातळी निदानापूर्वीच वाढलेली आढळली. बी-पेशींची अतिउत्तेजना ही रोगाचा परिणाम नसून त्याची पूर्वपीठिका आहे, या मतास त्यामुळे बळ मिळाले. तथापि ही चिन्हे अन्य अनेक कारणांनीही वाढत असल्याने व्यक्तिगत पातळीवर भाकीत करण्यासाठी त्यांचा नित्य वापर होत नाही. समूहाविषयी खरे असलेले विधान एका रुग्णास जसेच्या तसे लागू पडत नाही, हे संख्याशास्त्राच्या अध्यापकांना परिचित असलेले तत्त्व येथे प्रत्ययास येते.

७. लसीकार्बुदाचे प्रकार आणि त्यांची चिन्हे

एचआयव्हीबाधितांत आढळणाऱ्या प्रमुख लसीकार्बुदांची चिन्हे व सीडी-४ गणनेशी असलेला त्यांचा संबंध पुढीलप्रमाणे मांडता येईल.

(१) विसरित बृहद् बी-पेशी लसीकार्बुद : हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. पेशींवर सीडी-१९ व सीडी-२० ही बी-पेशींची चिन्हे असतात. सीडी-१० च्या असण्या-नसण्यावरून व अन्य प्रथिनांवरून त्याचे उपप्रकार ठरविले जातात.

(२) बर्किट लसीकार्बुद : सीडी-२० व सीडी-१० उपस्थित, बीसीएल-२ सामान्यतः अनुपस्थित, विभाजनाचे निदर्शक असलेले केआय-६७ जवळजवळ सर्व पेशींत आढळते. सीडी-४ गणना तुलनेने बरी असतानाही हा प्रकार उद्भवतो.

(३) मेंदूतील प्राथमिक लसीकार्बुद : सीडी-४ गणना बहुधा ५० च्या खाली, एपस्टाइन-बार विषाणू जवळपास सर्व रुग्णांच्या अर्बुदपेशींत.

(४) प्लाझ्माब्लास्टिक लसीकार्बुद : १९९७ मध्ये वर्णिलेला, विशेषतः तोंडात होणारा प्रकार. सीडी-२० अनुपस्थित, सीडी-३८ व सीडी-१३८ ही प्लाझ्मा पेशींची चिन्हे उपस्थित.

(५) प्राथमिक निस्सारी लसीकार्बुद : फुप्फुसावरण, हृदयावरण वा उदरपोकळीतील द्रवात वाढणारा प्रकार. १९९४ मध्ये सापडलेला मानवी हर्पिस विषाणू-८ प्रत्येक रुग्णात, सीडी-२० अनुपस्थित.

(६) हॉजकिन लसीकार्बुद : मोठ्या अर्बुदपेशींवर सीडी-३० व बहुधा सीडी-१५, भोवती सीडी-४ पेशींसह इतर पेशींचा मोठा जमाव.

या यादीतून दोन बोध होतात. पहिला, बी-पेशींचे अर्बुद म्हणजे सीडी-२० असणारच, हे गृहीतक एचआयव्हीबाधितांत फसवे आहे. चौथ्या व पाचव्या प्रकारांत पेशी बी-कुळातील असूनही त्यांनी आपले परिचित चिन्ह टाकून दिलेले असते. केवळ सीडी-२० ची तपासणी करून 'लसीकार्बुद नाही' असा निर्वाळा दिल्यास रोग निसटतो. दुसरा, सीडी-४ गणना चांगली असणे म्हणजे अर्बुदापासून अभय नव्हे. एचआयव्हीविरोधी संयुक्त उपचार १९९६ पासून उपलब्ध झाल्यावर मेंदूतील लसीकार्बुदाचे प्रमाण झपाट्याने घटले. हॉजकिन लसीकार्बुदाचे मात्र तसे घटले नाही. या अर्बुदाच्या पेशी भोवतालच्या सीडी-४ पेशींच्या आधाराने वाढत असल्याने त्या पेशी अगदीच नाहीशा झाल्यास त्यालाही पोषक वातावरण मिळत नाही, असे स्पष्टीकरण दिले जाते.

८. उपचार : दोन चिन्हांची परस्परगाठ

सीडी-२० ला लक्ष्य करणारे रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले आणि बी-पेशींच्या लसीकार्बुदाच्या उपचारांत मोठे परिवर्तन घडले. एचआयव्हीबाधितांतही त्याचा तसाच लाभ व्हावा अशी अपेक्षा होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत सुमारे १५० एचआयव्हीबाधित रुग्णांना केवळ रसायनोपचार अथवा रसायनोपचारासह रिटुक्सिमॅब देण्यात आले. रिटुक्सिमॅब मिळालेल्या गटात उपचारकाळातील जंतुसंसर्गाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण १४ टक्के, तर दुसऱ्या गटात २ टक्के होते. या मृत्यूंपैकी बहुसंख्य सीडी-४ गणना ५० पेक्षा कमी असलेल्या रुग्णांत झाले.

याचा अर्थ उघड आहे. ज्यांच्या टी-पेशी आधीच संपत आल्या आहेत त्यांच्या बी-पेशीही औषधाने नष्ट केल्यास शरीराजवळ संरक्षणाचे साधन उरत नाही. अर्बुदावरील सीडी-२० औषध कोणते द्यावे हे सांगते. रक्तातील सीडी-४ ते कितपत सुरक्षित आहे हे सांगते. पुढील अभ्यासांत एचआयव्हीविरोधी उपचार, प्रतिबंधक प्रतिजैविके व पांढऱ्या पेशी वाढविणारी औषधे यांच्या जोडीने रिटुक्सिमॅब हितकारक ठरले आणि आज ते सामान्यतः दिले जाते. अतिशय कमी सीडी-४ गणना असलेल्या रुग्णांबाबतची सावधगिरी मात्र कायम आहे. तसेच हे औषध सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस-बी ची तपासणी आवश्यक असते. कारण बी-पेशी नष्ट झाल्यावर सुप्त हिपॅटायटिस उफाळून येऊ शकतो.

चिन्ह हेच लक्ष्य, हा विचार पुढे विस्तारला. सीडी-३० विरोधी औषध २०११ मध्ये आले. रुग्णाच्या स्वतःच्या टी-पेशींत जनुकीय बदल करून त्यांना सीडी-१९ असलेल्या पेशींवर सोडण्याची पद्धती २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा मेमोरियल केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या अशाच उपचारास भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अशा उपचारांच्या आरंभीच्या बहुतेक चाचण्यांतून एचआयव्हीबाधितांना वगळण्यात आले होते, ही बाब वैद्यकीय नीतिशास्त्राच्या दृष्टीने चिंतनीय आहे.

लसीकार्बुद व सीसीआर-५ या दोन धाग्यांची अनपेक्षित गाठ लंडन येथे पडली. ॲडम कास्टिलेहो या एचआयव्हीबाधित गृहस्थांना हॉजकिन लसीकार्बुद झाले. २०१६ मध्ये त्यांना सीसीआर-५ नसलेल्या दात्याच्या मूलपेशी देण्यात आल्या. अर्बुद बरे झाले आणि २०१७ मध्ये एचआयव्हीची औषधे थांबविल्यानंतरही विषाणू परतला नाही. त्यापूर्वी रक्ताचा कर्करोग झालेल्या टिमोथी रे ब्राउन यांच्याबाबत बर्लिन येथे असेच घडले होते. मात्र मूलपेशी प्रत्यारोपण स्वतःच जिवावर बेतू शकणारे असल्याने ज्यांना कर्करोग नाही त्यांच्यासाठी हा मार्ग सुचविता येत नाही.

९. भारतीय संदर्भ

भारतात एचआयव्ही संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नई येथे झाली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना व पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या दोन्हींची स्थापना १९९२ ची. १ एप्रिल २००४ रोजी निवडक शासकीय रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू झाले, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. त्या वेळी लक्षणे नसलेल्या व्यक्तीस औषधे मिळण्यासाठी सीडी-४ गणना २०० च्या खाली असणे आवश्यक होते. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीसाठी येणाऱ्या रुग्णासाठी ही संख्या औषधाच्या दाराची किल्ली होती. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली. २०१५ मध्ये ३५ देशांतील ४६८५ व्यक्तींवरील 'स्टार्ट' या चाचणीने दाखविले की, गणना ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केल्यास गंभीर आजार व मृत्यू यांचा धोका ५७ टक्क्यांनी कमी होतो. एप्रिल २०१७ पासून भारतात गणना कितीही असली तरी निदान होताच उपचार देण्याचे धोरण आहे.

यामुळे सीडी-४ तपासणीचे काम संपले, असा समज होऊ शकतो. तो योग्य नव्हे. उपचार परिणामकारक आहेत किंवा नाहीत हे आता रक्तातील विषाणूंच्या मोजणीवरून ठरते, हे खरे. परंतु रुग्ण उपचारासाठी प्रथम येतो तेव्हा त्याचा रोग किती पुढे गेला आहे, त्याला कोणती प्रतिबंधक औषधे द्यावीत आणि कोणत्या संसर्गांचा शोध घ्यावा, हे सीडी-४ गणनेवाचून समजत नाही. देशात २०२३ च्या अंदाजानुसार सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित व्यक्ती आहेत आणि आजही अनेकजण गणना २०० च्या खाली गेल्यावरच केंद्रात पोहोचतात.

लसीकार्बुदाच्या बाबतीत भारतीय परिस्थितीची एक खास अडचण आहे. मानेतील वा काखेतील गाठ, ताप, रात्री येणारा घाम आणि वजनातील घट ही लसीकार्बुदाची लक्षणे क्षयरोगाचीही आहेत. आपल्याकडे एचआयव्हीबाधितांत क्षयरोगच अधिक आढळत असल्याने गाठ दिसताच क्षयरोगाची औषधे सुरू करण्याकडे कल असतो. ते बहुतेकदा बरोबरही असते. परंतु औषधे घेऊनही गाठ वाढत राहिली तर तिचा तुकडा काढून चिन्हांची तपासणी करणे अत्यावश्यक ठरते. सुईने काढलेल्या थोड्या पेशींवरून निदान निश्चित होईलच असे नाही. गाठीची संपूर्ण रचना व चिन्हांचा संच पाहावा लागतो. एकाच गाठीत क्षयरोग व लसीकार्बुद दोन्ही असण्याची उदाहरणेही वैद्यकीय वाङ्मयात आहेत. बर्किटसारखे अर्बुद काही दिवसांत दुप्पट होते. अशा वेळी काही आठवडे वाट पाहण्याची किंमत रुग्णास प्राणांनी मोजावी लागू शकते.

१०. चिन्हांविषयी विवेक

चिन्हांवरील विश्वास किती सावध असावा याचे एक अलीकडचे उदाहरण उद्बोधक आहे. औषधोपचारानंतरही एचआयव्ही विश्रांत सीडी-४ पेशींमध्ये दडून राहतो. या मोजक्या पेशी ओळखण्याचे चिन्ह मिळाल्यास रोग निर्मूलनाचा मार्ग सुकर होईल, म्हणून जगभर शोध चालू आहे. २०१७ मध्ये सीडी-३२ए हे असे चिन्ह असल्याचा दावा एका प्रतिष्ठित नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये अनेक स्वतंत्र गटांनी तो पडताळून पाहिला. त्यांना तो सिद्ध करता आला नाही. मोजणीच्या वेळी दोन पेशी एकमेकींना चिकटून एकच भासणे, हे त्या गफलतीचे एक संभाव्य कारण सांगितले गेले. दावा, पडताळणी आणि दुरुस्ती ही विज्ञानाची रीत विद्यार्थ्यांपुढे मांडण्यास यासारखे उदाहरण विरळा.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. (अ) पेशींवरील ओळखचिन्हे ही मुळात कार्य करणारी प्रथिने आहेत. विषाणूचा प्रवेश, रोगाचे निदान आणि औषधाचे लक्ष्य या तिन्ही ठिकाणी तीच प्रथिने भेटतात. (आ) सीडी-४ गणना हा रक्तातील बदलता आकडा आहे. त्याचा कल, टक्केवारी व रुग्णाची अवस्था यांसह तो वाचावा. (इ) एचआयव्हीशी संबंधित लसीकार्बुदामागे टी-पेशींचा अभाव व बी-पेशींची अतिउत्तेजना अशी दुहेरी कारणे आहेत. म्हणून चांगली गणना हे अभयपत्र नव्हे. (ई) एका चिन्हाच्या असण्या-नसण्यावरून निर्णय न करता चिन्हांचा संच पाहावा. विशेषतः सीडी-२० च्या अभावाने लसीकार्बुदाची शक्यता नाकारू नये. (उ) क्षयरोगाचे प्राबल्य असलेल्या समाजात उपचारांना दाद न देणाऱ्या गाठीची तपासणी लांबणीवर टाकू नये.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी याचे महत्त्व केवळ अभ्यासक्रमापुरते नाही. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने बाधित व्यक्तीची संमती, गोपनीयता व समान वागणूक यांना संरक्षण दिले आहे. वर्गात जीवशास्त्र शिकविताना, आकडेवारीचा पाठ घेताना किंवा रेड रिबन क्लबच्या कार्यक्रमात बोलताना 'सीडी-४ इतका आला' या वाक्याचा नेमका अर्थ सांगता आला, तर समोर बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरातील अनाठायी भीती कमी होऊ शकते आणि घरातील कोणाची मानेवरची वाढती गाठ वेळेत तपासली जाऊ शकते.